नदीकाठची राखीव जागा व आपले शेत : नांदूरमध्यमेश्वर येथील अभ्यासफेरी

सातबारा उताऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून जे एक लहानसे सदर असते, ते आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. ज्या जागेत पीक होत नाही, सबब जिच्यावर आकार बसत नाही, ती पोटखराब. महसूल खात्यात कारकुनी करीत असता हे सदर आम्ही किती वेळा भरले असेल याची गणती नाही. नाल्याचा काठ, ओघळ, नदीची थडी, खडकाळ टेकाड, लव्हाळ्याची पाणथळ, अशी जी जी जागा नांगरास वश होत नाही ती ती या सदरात जावयाची, आणि एकदा तेथे गेली म्हणजे तिचा विचार संपला. जिच्यापासून सरकारास सारा नाही व धन्यास दाणा नाही ती जागा निरुपयोगी, असा सेवाकाळ संपेपर्यंत आमचा पक्का समज होता. तो समज चुकीचा होता हे आम्हांस प्रथम आपल्याच शेतात नुकसान सोसून, व त्यानंतर गोदावरीच्या काठाने पायी फिरून कळले. त्या फेरीत जे पाहिले ते, आणि तसे पाहावयाचे कसे ते, या लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम नुकसानीची हकिकत. आमच्या चार एकरांच्या पट्टीस खालच्या अंगाने नाला लागून आहे. नाल्याच्या कडेची सहा गुंठे जागा वडिलांच्या वेळेपासून पोटखराब ‘अ’ म्हणून लागलेली. तीत एक जुनाट उंबर, करंजाची झुडपे, उंच वाढलेले गवत व थोडा वाळा होता. पोटखराबाचे दोन वर्ग असतात : लागवडीस अयोग्य म्हणून सोडलेली ती ‘अ’, आणि रस्ता, पाणवठा, दफनभूमी अशा सार्वजनिक कारणांकरिता सोडलेली ती ‘ब’. २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन ‘अ’ वर्गातील जी जमीन शेतकऱ्याने लागवडीखाली आणली असेल, तिची नोंद लागवडीयोग्य म्हणून करून घेण्याची वाट मोकळी झाली. नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. ज्याने खडक फोडून शेत केले त्याच्या श्रमाची नोंद कागदावर व्हावी हे न्याय्यच होय. परंतु आम्ही त्या नियमाचा अर्थ आपल्या सोयीने लावला. उंबर तोडला, झुडपे उपटली, काठापर्यंत नांगर घातला व त्या सहा गुंठ्यांत गहू केला.

पहिल्या वर्षी गहू बरा आला. दुसऱ्या वर्षी उंदीर माजले, तेव्हा दुकानातून ब्रोमॅडिओलोनचे आमिष आणून आम्ही ते बांधाबांधावर उघडेच टाकले. हे विष उंदरास तत्काळ मारीत नाही. त्याचे रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते व काही दिवसांनी तो मरतो. तोवर सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो आणि सहज कोणाच्याही तावडीत सापडतो. आठ-दहा दिवसांनी खळ्याच्या कडेस एक गव्हाणी घुबड मरून पडलेले आमच्या धाकट्या चिरंजीवांनी दाखविले. हेच घुबड उंबर असता त्याच्या ढोलीत राहत असे. अपशकुनी म्हणून आमच्या मातोश्री त्याचे नाव घेऊ देत नसत. विष खाल्लेले उंदीर खाऊन ते मेले असावे असा आमचा तर्क आहे. तपासणी कोणी केली नाही. त्या वर्षी उंदीर कमी झाले, पुढील वर्षी पूर्वीहून अधिक झाले. त्याच पावसाळ्यात, मुळांचा आधार गेल्यामुळे, नाल्याचा काठ चार हात आत ढासळला आणि नव्याने मिळविलेल्या सहा गुंठ्यांपैकी सुमारे दीड गुंठा वाहून गेला. तो कोणाच्या नावे जमा झाला, हे उताऱ्यावर कोठेच लागत नाही.

ही गोष्ट आमच्या स्नेह्यांपैकी एका सेवानिवृत्त कृषी सहायकांस सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “भाऊसाहेब, काठ कशाला म्हणतात ते तुम्ही कागदावरच पाहिले आहे. एकदा हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जा. मोटारीतून पाहू नका, पायी फिरा.” बोलणे थोडे झोंबले, पण खरे होते. नदीकाठी आम्ही पुष्कळ वेळा गेलो आहोत, परंतु ते पुरानंतर पंचनाम्यास. अशा वेळी माणूस पडलेली घरे व गेलेली पिके मोजतो. नदी पाहत नाही.

नांदूरमध्यमेश्वर हे ठिकाण नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर आहे. येथे गेल्या शतकाच्या आरंभी पाटबंधाऱ्यासाठी नदीवर आडवा बंधारा घातला गेला. तो १९११ च्या सुमारास पुरा झाला. वरच्या अंगास दारणा धरण १९१६ साली तयार झाले, आणि त्याचे पाणी या बंधाऱ्यावर वळवून गोदावरीचा डावा व उजवा असे दोन कालवे वाहू लागले. कोपरगाव-राहाता भागातील उसाचा जो पट्टा आपण पाहतो त्याचे मूळ या पाण्यात आहे. बंधाऱ्यामुळे पाण्याचा वेग मेला, आणि वेग मेला म्हणजे पाण्याने आणलेली माती खाली बसणारच. पावसाळ्यामागून पावसाळे जाऊन पाणसाठा उथळ झाला, मध्ये बेटे झाली, काठाने दलदल झाली, दलदलीत पाणकणीस व लव्हाळी माजली, आणि त्यांच्यामागून पाखरे आली. १९८६ साली सरकारने हा टापू अभयारण्य म्हणून राखून ठेवला; त्याचे क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी या जागेस महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते असे सांगतात. पाणथळ जागांच्या रक्षणाविषयी इराणातील रामसर या गावी १९७१ साली निरनिराळ्या राष्ट्रांत करार झाला होता. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातील पहिली जागा म्हणून नांदूरमध्यमेश्वरची नोंद झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. त्या नोंदीतील क्षेत्र १४३७ हेक्टर असून तेथे वनस्पती व प्राणी मिळून ५३६ जाती आढळल्याचे नमूद आहे.

या इतिहासात एक मौज आहे, तिकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य वाटते. ही जागा निसर्गाने एकट्याने केलेली नाही. ती बांधकाम खात्याने केली, आणि तिच्यातील माती आपण, म्हणजे वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पुरविली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबी जो तोटा तोच पाखरांच्या हिशेबी नफा. आम्ही हे तेथे भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांस बोलून दाखविले. ते काठावर शेळ्या घेऊन बसले होते. ते म्हणाले, “तर हो भाऊसाहेब. पाणी उथळ झालं म्हणूनच तर पाखरू येतं. खोल पाण्यात बगळ्याचं पाय कुठं पुरत्यात?” पुस्तकांत ‘जलपक्ष्यांचे अधिवास’ या मथळ्याखाली जे पानभर असते, ते या एका वाक्यात आले.

आता फेरीचा पाठ. आम्ही पौषात, जानेवारीच्या मध्यास गेलो. स्थलांतर करणारी पाखरे या सुमारास पुष्कळ असतात. मार्च सरता सरता ती परतू लागतात. चापडगावाच्या बाजूस वनखात्याचे केंद्र व पाण्याकडे पाहण्यासाठी उभारलेले मनोरे आहेत. अल्प शुल्क देऊन आत जाता येते, आणि आसपासच्या गावांतील तरुण वाटाड्याचे काम करतात. या तरुणांपैकी एकास अवश्य बरोबर घ्यावे. आमच्याबरोबर जो होता त्याचे वय आमच्या मुलाएवढे. पण पाण्याच्या पलीकडच्या काठावर बसलेला पक्षी कोणता, हे तो नुसत्या बसण्याच्या ढबीवरून सांगे. सूर्योदयापूर्वी निघणे चांगले, परंतु अंधारात उसाच्या फडांलगत एकट्याने चालू नये. या भागात बिबट्या उसात राहतो, ही ऐकीव गोष्ट नव्हे. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. पांढरे धोतर-टोपी ही आमची सवय, ती त्या दिवसापुरती सोडावी लागली. कुत्रे नेऊ नये, मोबाईलवर गाणी लावू नयेत, आणि चालण्यापेक्षा थांबणे अधिक करावे. एका जागी अर्धा घटका अगदी निश्चल बसल्याशिवाय पाणी आपले काही दाखवीत नाही. पहिली पाच-सात मिनिटे सर्व जीव आपल्याकडेच पाहत असतात.

बरोबर एक वही असावी. आम्ही पीकपाहणीच्या धर्तीवर रकाने आखले होते : जागा, पाण्याची खोली, तेथील वनस्पती, पाखरू कोणते, आणि ते काय करीत आहे. यांतील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नावे पुढे-मागे कळतात. काम मात्र तेथेच पाहून टिपावे लागते.

धुके विरळ झाल्यावर वही भरू लागली. वीतभरापेक्षाही कमी पाणी होते तेथे शेकाट्या आपल्या तांबड्या काटकुळ्या पायांवर चालत चिखलातले किडे वेचीत होता. त्याच्या पुढे, गुडघाभर पाण्यात, राखी बगळा खांबासारखा उभा. चमच्या म्हणून एक पांढरा पक्षी असतो, त्याची चोच टोकास पळीसारखी चपटी असते. पाच-सहा चमचे एका ओळीत पुढे सरकत होते आणि उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत होते. बाया गव्हाची कापणी करीत एका ओळीने पुढे जातात, तसे ते दृश्य दिसले. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडेस चाळणीसारखे दाते असतात; ते पाणी चोचीत घेऊन गाळते व अन्न ठेवून घेते. तलवार बदक शेपूट वर व डोके खाली करून तळाशी चरते, म्हणून त्यास मानेच्या लांबीइतकेच पाणी लागते. त्याहून खोल पाण्यात वारकरी व पाणकावळे बुड्या मारीत होते. वारकरी हा काळा पक्षी, कपाळावर गंधाच्या पट्ट्यासारखा पांढरा डाग. नाव कोणी दिले कोण जाणे, पण समर्पक आहे. कमळपक्षी आपल्या लांब बोटांमुळे पाण्यावरच्या पानांवरून जमिनीवरून चालावे तसा चालतो. चक्रवाकाची जोडपी बेटाच्या कडेस बसलेली होती. हा पक्षी लडाख-तिबेटाकडील उंच प्रदेशात अंडी घालतो व हिवाळा काढण्यास इतक्या दूर येतो. आपण मात्र नाल्यापलीकडच्या शेतात काय चालले आहे हे पाहावयास जात नाही.

वही वाचून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. पाखरांची वाटणी जातवार नसून खोलीवार आहे. दोन विती पाणी चढले तर अर्धी मंडळी उपाशी, आणि दोन विती उतरले तर उरलेली अर्धी. तेव्हा सगळा तलाव एकसारखा खोदून काढावा, अथवा सगळाच गाळाने भरू द्यावा, या दोन्ही गोष्टी येथे घातक ठरतील. गाळ काढून शेतात पसरण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आपल्या राज्यात आहे, आणि पाझर तलावांच्या बाबतीत आम्ही तिचे पुरस्कर्ते आहोत. परंतु वाचकांपैकी कोणी नांदूरमध्यमेश्वरचा सगळा गाळ का उचलीत नाहीत असे विचारील, तर त्यास आम्ही आमची वही दाखवू. तसेच, साठवण घटल्याने कालव्याखालच्या शेतकऱ्यास तुटवडा सोसावा लागतो, ही तक्रारही खोटी नाही. दोहोंचा मेळ घालणे अभियंत्यांचे काम आहे. शेतकऱ्याचे काम गाळ येण्याच्या आधीचे आहे.

त्याचाच हिशेब पाहू. एका एकरावरून मातीचा अवघा एक मिलिमीटर जाडीचा थर गेला असे धरा. एवढी जाडी डोळ्यांस दिसतही नाही. एकराचे क्षेत्र सुमारे ४०४७ चौरस मीटर. तेव्हा माती गेली ती सुमारे ४ घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास, आणि वजनाने पाच टनांच्या घरात. दीड ब्रास माती कोणी रात्री ट्रॉली लावून चोरून नेली तर आपण सकाळी पोलिसपाटलाच्या दारी उभे राहू. तीच पावसाने नेली म्हणजे ‘यंदा पाऊस जोराचा झाला’ एवढेच म्हणतो. आणि जाते ती वरची, बारीक, खत मुरलेली माती. खडे मागे राहतात.

हा हिशेब ज्यास पुस्तकी वाटेल त्याने एक सोपा प्रयोग करावा. काचेच्या सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घ्याव्यात. पहिला मोठा पाऊस झाला की एक बाटली आपल्या शेताच्या वरच्या अंगास नाल्यातून भरावी, दुसरी शेत संपते तेथे खालच्या अंगास, आणि तिसरी गवताळ पडीतून येणाऱ्या ओघळाची. पाणी वाढलेले असता नाल्यात उतरू नये. काठावरून दोरीस डबा बांधून पाणी काढावे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात, तुरटीचा खडा थोडा थोडा फिरवावा व एक दिवस हलवू नये. मग तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा. वरच्या व खालच्या बाटलीतील फरक तो बहुतांशी आपल्या शेतातून गेलेला माल समजावा. आम्ही हा प्रयोग फेरीहून परतल्यानंतरच्या पावसाळ्यात केला. गवताळ ओघळाच्या बाटलीत तळ जेमतेम झाकला गेला. आमच्या खालच्या बाटलीत दोन बोटे गाळ बसला. ती बाटली अद्याप आमच्या ओसरीवर आहे.

नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर आणखी एक वस्तू आपल्या खात्याची दिसते, ती जलपर्णी. कोणी तिला पाणवेल म्हणतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फुलांच्या शोभेमुळे ती जगभर नेली गेली. पाण्यात नत्र व स्फुरद भरपूर असले म्हणजे ती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. पाण्यावर तिची सलग सतरंजी पसरली की खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासळी मरते, आणि बदकास उतरण्यास जागा राहत नाही. हे नत्र-स्फुरद येते कोठून? नाशिक शहराचे सांडपाणी याच गोदावरीस मिळते, तेव्हा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण द्राक्षबागेत व उसात आपण जी पोती ओततो, त्यांतील काही भाग पाण्याबरोबर नदीत जातो, हेही तितकेच खरे. नदीत गेलेले खत आपण पैसे मोजून घेतलेले असते. जलपर्णी काढून तिचे खत करावे असे सुचविले जाते. ते करावयाचे तर फुलावर येण्यापूर्वी काढून पाण्यापासून दूर वाळवावे लागते, कारण ओला तुकडाही पुन्हा धरतो. मात्र शहराचे किंवा कारखान्यांचे पाणी मिळालेल्या जागेची जलपर्णी तपासून घेतल्याशिवाय शेतात घालू नये; विषारी धातू ती आपल्या अंगात साठवते.

नदीकाठी नव्या मळईच्या जमिनी पाहून आमच्यातील कारकून जागा झाल्याखेरीज राहिला नाही. मळईवरून भाऊबंदांत झालेले कज्जे आम्ही पाहिले आहेत. एका प्रकरणात कागद तयार होऊन सही होईपर्यंत ती मळईच पुराने नेली होती, आणि भावांचे बोलणे मात्र बंद पडले ते पडलेच. नदी दरवर्षी आपला फेरफार स्वतः मंजूर करते. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीस मोठा पूर आला तेव्हा सायखेडा-चांदोरीकडील लोकांनी हे पुरते अनुभवले. पाणथळ जागा पुराचे पाणी पसरू देते व त्याचा जोर मोडते, म्हणून तिला महत्त्व आहे. परंतु बंधाऱ्याच्या वरच्या अंगास ज्याच्या घरात पाणी शिरते त्यास हे समजावणे कठीण आहे, आणि त्याने रागावू नये असे आम्ही म्हणणार नाही.

ज्यासाठी आम्ही मुख्यत्वे गेलो होतो ते दुपार कलल्यावर दिसले. पाणकणसाच्या बेटांवरून एक लांब पंखांचा, घारीहून सडपातळ पक्षी अगदी खालून, जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून, पंख किंचित वर उचलून संथपणे घिरट्या घालीत होता. वाटाड्याने सांगितले, हा दलदली भोवत्या. याचेच भाऊबंद उघड्या शेतांवरून व माळांवरून फिरतात. भोवत्ये हिवाळ्यात येतात, नाकतोडे, टोळ, उंदीर, सरडे यांवर गुजराण करतात, आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात किंवा दलदलीत जमिनीवर झोपतात. ही शेवटची गोष्ट आम्हांस नवी होती. दिवसा जो आपल्या हरभऱ्यावर राखण करतो त्यास रात्री टेकण्यास गवताची जागा लागते. ती गेली की तो त्या शिवारात थांबत नाही. घुबडास ढोली लागते, कोतवालास उंच फांदी लागते. आम्ही ढोली, फांदी व गवत ही तिन्ही एकाच आठवड्यात काढली होती, आणि मग दुकानात जाऊन विष विकत आणले होते.

पाखरे सर्वच उपकारी असतात असे मात्र कोणी समजू नये. भोरड्यांचे थवे हुरड्यात आलेल्या ज्वारीवर व द्राक्षांवर पडले म्हणजे काय होते, हे निफाडच्या बागाईतदारास सांगावयास नको. क्रौंचांचा थवा हरभऱ्यात उतरला तर हरभरा शिल्लक राहत नाही. द्राक्षास जाळी लावणे, ज्वारी राखणे, हे करावेच लागते. आमचे म्हणणे इतकेच की, नुकसान करणारे पाखरू दिसते, कारण ते दिवसा येते व मोठ्याने ओरडते. घुबडाचे काम रात्री चालते, आणि एका रात्रीत त्याने दोन-चार उंदीर उचलले तर ते कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाहीत.

परतल्यावर आम्ही केलेले फेरफार असे. सहा गुंठ्यांपैकी जे साडेचार उरले होते त्यांतील काठाकडील तीन गुंठे पुन्हा सोडले. त्यांत वाळ्याची बेणी दाट लावली, करंज व उंबराची रोपे लावली. तीन गुंठ्यांचा गहू गेला. त्याची किंमत घरात अनेकदा बोलून दाखविण्यात आली. हरभऱ्यात पक्षीथांबे उभे केले. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी ही साधी काठी असते. कृषी विद्यापीठांची शिफारस हेक्टरी पन्नास, म्हणजे एकरी वीस अशी आहे. काठी पिकाहून हात-दीड हात उंच असावी. कोतवाल पहिल्याच आठवड्यात येऊन बसू लागला व घाटेअळी टिपू लागला. उंदरांसाठी आता सापळे लावतो. विष घालावेच लागले तर ते उघड्यावर न टाकता ताज्या बिळात घालून बीळ बुजवितो, आणि पुढले आठ-दहा दिवस रोज सकाळी शेतात हिंडून मेलेले उंदीर उचलून खोल पुरतो. हे काम कंटाळवाणे आहे. गड्यावर सोपविले तर होत नाही, स्वतःच करावे लागते.

गेल्या पावसाळ्यात बाटल्या पुन्हा भरल्या. खालच्या बाटलीत गाळ दोन बोटांवरून सव्वा बोटावर आला आहे. परंतु वरच्या बाटलीतच आता जवळजवळ एक बोट बसतो, म्हणजे तो आमच्या वरच्या शेतातून येतो. तेथील शेतकरी आमच्या नात्यातील आहेत व त्यांनी नुकताच नाल्याचा काठ साफ करून मका केला आहे. त्यांस दोन्ही बाटल्या नेऊन दाखविल्या. “बघू, दादा, पुढच्या साली,” असे म्हणाले. येत्या पौषात त्यांस बरोबर घेऊन पुन्हा चापडगावास जाण्याचे ठरविले आहे. दुर्बीण सभासदांपैकी कोणाजवळ असल्यास आम्हांस कळवावे.